मुंबईचे विमान आणि आपली रेल्वे : मागे एक गाडी शिल्लक ठेवा



या पानावर एरवी आपण बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, खोडव्याची निगा अशा गोष्टी बोलतो. या खेपेला विषय थोडा निराळा आहे. हल्ली गट कार्यालयात ऊसनोंदीला आलेले सभासद काम आटोपले की हळूच विचारतात, "साहेब, पोरगी जर्मनीला आहे, बाळंतपणाला आम्हा दोघांना जायचंय. मुंबईचं विमान धरायचं तर इथून कोणती गाडी बरी?" कोणाचा मुलगा अमेरिकेत शिकतो, कोणी आखातात नोकरीला आहे, कोणी अभ्यास दौऱ्यावर निघाले आहे. ज्यांनी जन्मात पैठण-गंगापूरच्या पलीकडे फारसा प्रवास केला नाही अशी आई-वडील मंडळीही आता विमानाने निघाली आहेत. ही आनंदाचीच गोष्ट होय. पण विमान चुकले तर तिकिटाचे पैसे बहुधा बुडतात आणि तिकडे दवाखान्यात लेक वाट पाहत राहते. म्हणून चार गोष्टी सविस्तर लिहीत आहे.

हिशेब गव्हाणीकडून मांडा

ऊसतोडणीचा कार्यक्रम शेतकी विभाग कसा आखतो, हे आपणांस ठाऊक आहे. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजन घटते आणि उताराही घसरतो. म्हणून टोळी कधी मोकळी आहे एवढ्यावर आम्ही तोड देत नाही. गाळप कधी, काट्यावर गाड्या किती, वाहतुकीला वेळ किती, असा उलटा हिशेब करत शेवटी फडावर येतो.

विमानाचा प्रवासही तसाच मांडावा. आपली मंडळी "सकाळची गाडी बरी, उजेडात पोचू" असे म्हणून इकडून सुरुवात करतात. तसे करू नये. आधी विमान सुटण्याची वेळ लिहावी. परदेशी विमानासाठी त्याआधी किमान तीन तास विमानतळावर हजर राहावे. सामान घेण्याची खिडकी विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होते आणि एकदा बंद झाली की हातापाया पडूनही उघडत नाही. त्याच्या मागे मुंबईतल्या मुंबईत लागणारे दोन तास धरावेत. त्याच्या मागे रेल्वेचा वेळ, आणि सर्वात मागे गावाहून स्टेशनवर येण्याचा वेळ. असे मागे-मागे येत जी गाडी निघेल ती आपली.

मध्यरात्रीची तारीख

परदेशी जाणारी पुष्कळशी विमाने मुंबईहून रात्री बारानंतर सुटतात. इथेच मोठा घोळ होतो. समजा, तिकिटावर लिहिले आहे २० फेब्रुवारी, ०२:३०. आपल्या बोलीत आपण याला १९ तारखेची रात्र म्हणतो. १९ ला जेवणखाण करून रात्री जागायचे, ती ही रात्र. पण तिकिटावर २० पाहून मंडळी २० ला सकाळी घरून निघतात आणि विमान तर पहाटेच गेलेले असते! म्हणून तिकीट हातात आले की त्यावर शाईने लिहून ठेवावे : "१९ तारखेला रात्री ११ वाजता विमानतळावर हजर." बाकी सगळा हिशेब या ओळीवरून करावा. विमानाच्या वेळा २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे असतात, हेही ध्यानात ठेवावे.

विमानतळ कोणता, दरवाजा कोणता

पूर्वी "मुंबईचे विमानतळ" म्हटले की काम भागत असे. आता तसे नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून देशांतर्गत विमाने सुटू लागली. हे विमानतळ पनवेलजवळ उलव्याला आहे. जुने छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ अंधेरी-विलेपार्ल्याला. दोन्हींच्या मध्ये अख्खी मुंबई आणि खाडी आडवी आहे. तिकिटावर इंग्रजी तीन अक्षरे असतात : बीओएम म्हणजे जुने, एनएमआय म्हणजे नवे. घरातल्या शिकलेल्या पोराकडून ही अक्षरे आधी पाहून घ्यावीत.

जुन्या विमानतळालाही दोन इमारती आहेत. टर्मिनल दोन सहारला असून ते २०१४ साली सुरू झाले. परदेशी विमाने तेथूनच सुटतात. टर्मिनल एक देशांतर्गत विमानांचे. एकाऐवजी दुसरीकडे उतरलात तर रस्त्याने काही किलोमीटरचा वळसा पडतो आणि मुंबईच्या गर्दीत तेवढ्याला तास मोडू शकतो.

आपल्याकडील गाड्या

आपल्या भागात रेल्वे आली ती निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या तोंडाशी. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा तो अरुंद मीटरगेज रूळ मनमाडला संपायचा आणि मुंबईला जाणाऱ्याला सामान डोक्यावर घेऊन तेथे मोठ्या गाडीत बसावे लागायचे. मनमाडच्या फलाटावर रात्र काढलेले वडीलधारे सभासद आजही आपल्यात आहेत. रूळ रुंद झाल्यावर ती यातायात संपली आणि थेट मुंबई जवळ आली. तरी अंतर कमी झालेले नाही. छत्रपती संभाजीनगर ते मुंबई सीएसएमटी हा रेल्वेमार्ग सुमारे ३७५ किलोमीटरचा आहे. त्यातले संभाजीनगर-मनमाड हे अंतर सव्वाशेच्या आत, बाकीचे मनमाडच्या पुढे.

मुख्य गाड्या अशा. वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढवली गेली. ती आपल्याकडून सकाळी निघून दुपारी मुंबईला पोचते. मात्र आठवड्यातून एक दिवस ती नसते, तो वार आधी पाहावा. जनशताब्दी हीही दिवसाचीच. तपोवन एक्सप्रेस दुपारी आपल्याकडून निघते आणि रात्री मुंबईत पोचते. देवगिरी एक्सप्रेस रात्रीची, ती सकाळी मुंबईत उतरवते. नंदीग्राम आणि राज्यराणी याही याच मार्गाच्या. गाड्यांच्या वेळा बदलत असल्याने येथे तास-मिनिटे छापत नाही. प्रवासाच्या आदल्या दिवशी आणि निघायच्या दिवशी १३९ या क्रमांकावर फोन लावून खात्री करून घ्यावी.

आणखी एक. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या स्टेशनचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले आणि त्याबरोबर रेल्वेची सांकेतिक अक्षरेही बदलली. जुनी एडब्ल्यूबी होती, आता सीपीएसएन आहेत. परदेशातून मुलगा तिकीट काढत असेल तर त्याला हे कळवा, नाहीतर तो जुनीच अक्षरे टाकत बसेल. वैजापूरकडच्या सभासदांना रोटेगाव आणि गंगापूरकडच्यांना लासूर स्टेशन जवळ पडते. पण सर्वच गाड्या तेथे थांबत नाहीत. आपली गाडी थांबते का ते पाहूनच तिकीट काढावे.

एकेरी रूळ, घाट आणि पाऊस

गाडीला उशीर का होतो, हे समजले तर किती वेळ हाताशी राखायचा तेही समजते. मनमाडपर्यंत आपला रूळ मूळचा एकेरी आहे. समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात थांबावे लागते. अंकाई ते संभाजीनगर दुपदरीकरणाचे काम हाती घेतलेले आहे, परंतु एकेरी रुळाची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे ती उगाच नव्हे. मनमाडला आपली गाडी मुंबई-भुसावळच्या गजबजलेल्या मार्गाला मिळते. चाऱ्याचे पाणी मुख्य पाटाला मिळावे तसेच हे, तिथे पाळी लागते. एक गाडी रखडली की मागच्या दहा रखडतात.

पुढे इगतपुरी सोडली की कसारा घाट. हा उतार ३७ फुटांना एक फूट असा खडा आहे. वर चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात, आणि खाली उतरणाऱ्या गाड्यांचेही ब्रेक तपासूनच त्यांना घाटात सोडतात. पावसाळ्यात दरड आली की सारेच ठप्प.

२९ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी नागपूरहून मुंबईकडे येणारी दुरांतो एक्सप्रेस आसनगाव-वाशिंद दरम्यान पावसाने खचलेल्या मातीमुळे रुळावरून घसरली. तो मार्ग सुरळीत व्हायला काही दिवस लागले. त्याआधी २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे अख्ख्या वर्षात पडतो त्याहून तो जास्त! त्या वेळी लोकल बंद पडल्या आणि विमानतळही बंद झाले. असे रोज घडत नाही. पण मृग ते हस्त या काळात ज्यांचे विमान आहे त्यांनी एक मुक्काम आधीच मुंबई गाठावी. पाहुण्याकडे पडून राहिलेले बरे, पण घाटात अडकलेले नको.

मागची गाडी

आता मुख्य मुद्दा. सभासदांनी एवढा एकच नियम पाठ केला तरी पुरे : आपण धरलेली गाडी रद्द झाली किंवा चुकली, तर तिच्या मागून येणाऱ्या गाडीनेही विमान गाठता आले पाहिजे.

वरचेच उदाहरण घेऊ. १९ तारखेला रात्री ११ पर्यंत विमानतळावर हजर व्हायचे आहे. समजा तपोवनने निघालात. गाडी वेळेवर गेली तर रात्री मुंबईत उतराल आणि धावतपळत पोचालही. पण तिच्या मागे कोण? देवगिरी. ती तर २० च्या सकाळी मुंबईत येणार, तोवर विमान गेलेले. म्हणजे तपोवन ही या विमानासाठी शेवटची गाडी झाली, आणि शेवटची गाडी कधी धरू नये. त्याऐवजी सकाळची वंदे भारत धरा. दुपारी मुंबईत उतराल, निवांत जेवाल, आणि काही बिघडलेच तर मागे तपोवन आहे. वंदे भारत नसण्याचा वार असेल तर जनशताब्दी. वडीलधाऱ्यांना रात्रीच्या गाडीत झोप लागत असेल तर १८ च्या रात्रीची देवगिरी उत्तम, १९ चा पूर्ण दिवस हाताशी राहतो. विमान सकाळी सहा-सातचे असेल तर आदल्या दिवशी दिवसाच्या गाडीने जावे. त्यासाठी रात्रीच्या गाडीचा विचारही नको.

वाटेत गाडी रखडली तर काय? मनमाड आणि नाशिकरोड ही दोन निर्णयाची ठिकाणे समजावीत. तेथे मोटार मिळते. घाटात किंवा दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी उभी राहिली तर काहीच करता येत नाही. नाशिकरोडला घड्याळ पाहा. हाताशी राखलेला वेळ निम्म्याहून जास्त संपला असेल आणि पुढची काही खबर नसेल, तर उतरून रस्त्याने जाण्याचा विचार करा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून ही वाट सोपी झाली आहे. संभाजीनगरहूनच गाडी रद्द झाली तरी हाच महामार्ग आडवेळेला कामी येतो. त्यासाठी ओळखीच्या जीपवाल्याचा फोन नंबर आधीच घेऊन ठेवावा. बैल गेला अन् झोपा केला, असे नको.

कोणी विचारेल, "रेल्वेला उशीर झाला तर विमान कंपनी थांबत नाही का?" नाही. रेल्वेचे तिकीट वेगळे, विमानाचे वेगळे, एकीला दुसरीचे देणेघेणे नाही. चिकलठाण्याहूनच मुंबई किंवा दिल्लीमार्गे पुढचे विमान एकाच तिकिटावर मिळत असेल तर गोष्ट निराळी. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचे चुकले तर पुढची सोय कंपनीने करायची असते. वृद्ध माणसे एकटी जात असतील तर चार पैसे जास्त पडले तरी या पर्यायाचा विचार जरूर करावा. मात्र दोन वेगवेगळी तिकिटे जोडून घेतली तर ही जबाबदारी कोणी घेत नाही.

रेल्वेचे तिकीट

विमानाचे तिकीट लोक तीन-चार महिने आधी काढतात. रेल्वेचे आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधीच सुरू होते. म्हणजे १९ फेब्रुवारीच्या गाडीचे आरक्षण २१ डिसेंबरला उघडणार. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोल करून ठेवा. ऐनवेळी तत्काळचा आधार आहे : आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० ला आणि इतरांसाठी ११ ला. पण विमानाच्या प्रवासाला तत्काळच्या भरवशावर राहू नये. प्रतीक्षा यादीतले तिकीट म्हणजे तिकीट नव्हे, असेच समजावे. ऑनलाइन काढलेले असे तिकीट यादी लागल्यावर आपोआप रद्द होते.

ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत २०२० साली बंद झाली, ती धरून चालू नये. पण ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. रात्रीच्या गाडीचे तिकीट काढताना तो मागून घ्यावा.

मुंबईत उतरल्यावर

ऑक्टोबर २०२५ पासून एक मोठी सोय झाली आहे. मुंबईची भुयारी मेट्रो, म्हणजे मार्ग तीन, कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण सुरू झाली. सीएसएमटीला या मेट्रोचे स्टेशन आहे, आणि विमानतळाच्या टर्मिनल एक व दोन या दोन्हींची वेगवेगळी स्टेशने आहेत. तिकीट १० ते ७० रुपयांच्या आत. म्हणून हलके सामान असेल तर दादरला न उतरता सरळ सीएसएमटीपर्यंत जावे. तेथे मेट्रो सुरुवातीकडेच मिळते, बसायला जागा होते, आणि लोकलच्या गर्दीत पिशव्या चेंगरून घ्याव्या लागत नाहीत. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. मेट्रो रात्रभर चालत नाही, रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटच्या गाड्या सुटतात. तसेच मेट्रोत मोठ्या पेट्यांना मर्यादा असते. जड पेट्या असतील किंवा रात्र झाली असेल तर दादर किंवा ठाण्याला उतरून टॅक्सी करावी. नवी मुंबईचे विमान असेल तर कल्याण-ठाण्यालाच उतरावे, मुंबईत शिरू नये.

पोचवायला दहा जण घेऊन जाण्याची आपली रीत आहे. पण विमानतळाच्या दारावर तिकीट आणि पासपोर्ट पाहूनच आत सोडतात, बाकीच्यांना बाहेरूनच निरोप द्यावा लागतो. एक जाणता माणूस सोबत असला म्हणजे झाले. ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठी विमानाचे तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. खुर्ची ढकलणारा कर्मचारी तपासणीच्या रांगांतूनही सोबत नेतो. इंग्रजी न येणाऱ्या आई-बापांना याचा मोठा आधार होतो. त्यात कमीपणा मानू नये.

पेटीत काय असावे, काय नसावे

लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई डिंकाचे लाडू, मेतकूट, खोबरे असे सगळे बांधते. लाडू न्या, पण सुक्या खोबऱ्याची वाटी मोठ्या पेटीत घालू नका. खोबऱ्यात तेल असल्याने ते पेट घेते, म्हणून २०२२ पासून त्याला त्या सामानात मनाई आहे. तूप आणि लोणचे हातातल्या पिशवीत ठेवू नये, तपासणीत काढून घेतात. मोबाईलची पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच ठेवावी, मोठ्या पेटीत नको. पासपोर्ट, तिकीट आणि औषधे गळ्यातल्या पिशवीत. रेल्वेत रात्री ही पिशवी उशाखाली असावी, सीटखाली नव्हे.

येतानाची एक सूचना माझ्या खात्याची आहे. परदेशात चांगले वाण दिसले तरी उसाची कांडी, कोणतेही बी किंवा रोप पिशवीत घालून आणू नये. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय अशा वस्तूंना देशात प्रवेश नाही. एका कांडीबरोबर नवा रोग आला तर अख्ख्या कार्यक्षेत्राचे नुकसान होईल.

ऊस मागे ठेवून जाताना

विमानाची तारीख ठरवण्याआधी आपल्या उसाच्या लागणीची नोंद पाहावी. आडसाली ऊस हंगामाच्या सुरुवातीला तोडीस येतो, पूर्वहंगामी त्यानंतर, मग सुरू आणि खोडवा. तोड येण्याच्या महिन्यात घरचा कर्ता माणूस परदेशी असेल तर स्लिप कोणाच्या हाती द्यायची, वजनाची पावती कोणी सांभाळायची, हे प्रश्न उभे राहतात. जाण्याआधी गट कार्यालयात येऊन जबाबदार व्यक्तीचे नाव व फोन लेखी द्यावा. पाणीपाळी, विजेचे बिल आणि सोसायटीच्या हप्त्याची तारीख घरच्यांना लिहून ठेवावी. पोरांच्या सवडीने तारीख काढली जाते, हे खरे. पण बाळंतपणासारखी अडलेली वेळ सोडली तर तोडीनंतर निघालेले बरे. मन शेतात अडकत नाही.

शेवटी थोडक्यात. आधी विमानाची खरी रात्र ओळखा. मग विमानतळ आणि टर्मिनल पाहा. तेथून उलटा हिशेब करत गाडी निवडा, आणि मागे एक गाडी शिल्लक आहे ना, हे तपासा. साठाव्या दिवशी आरक्षण करा. पावसाळा असेल तर एक मुक्काम आधी निघा. एवढे केले तर सासुरवाडीला जावे तितक्या निवांतपणे आपण परदेशी जाल.

ज्यांना तिकिटावरील मजकूर समजून घ्यायचा असेल त्यांनी तिकीट घेऊन गट कार्यालयात यावे. शेतकी विभागातील मंडळी कागदावर हिशेब मांडून देतील. ऊसनोंदीइतकेच ते काम आम्ही आपुलकीने करू.

— ऊस विकास अधिकारी